एकाच चाकाची हवा पुन्हा पुन्हा उतरते तेव्हा

लक्षणे

गाडीच्या चार चाकांपैकी एकाच चाकाची हवा दर आठ-दहा दिवसांनी कमी झालेली आढळते. पेट्रोल पंपावर ती भरून घेतली की सगळे ठीक वाटते आणि पुढच्या आठवड्यात तेच चाक पुन्हा बसलेले दिसते. पंक्चरच्या दुकानात नेले तर टायरवर पाणी मारून पाहिले जाते, खिळा सापडत नाही आणि ‘पंक्चर नाही, हवाच कमी होती’ असे सांगून परत पाठवले जाते. याच्या जोडीला स्टिअरिंग एका बाजूला ओढणे, खड्ड्यातून जाताना त्या कोपऱ्यातून दबका आवाज येणे, त्या टायरच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा लवकर झिजणे, मायलेज थोडे उतरणे, आणि गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर डॅशबोर्डावर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा पेटणे, ही लक्षणे कमी-अधिक प्रमाणात दिसतात.

टायरचा धंदा माझा नाही. मी कराडला राहतो. घरातल्या दोन गाड्या, भावांच्या गाड्या आणि गुहागरच्या मेहुण्यांची गाडी मिळून गेल्या बारा-तेरा वर्षांत हा एकच दोष मी पंधरा-वीस वेळा तरी शोधून काढला असेल. पुढे जे लिहिले आहे ते ट्यूबलेस टायरसाठी आहे. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब बाहेर काढून पाण्यात धरणे हाच मार्ग आहे आणि ते काम पंक्चरवाल्याचे आहे.

ट्यूबलेस टायरमधून हवा जाण्याच्या जागा मोजक्या असतात: व्हॉल्व्ह, रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, टायर आणि रिम यांचा सांधा, खुद्द रिम आणि टायरची बाजूची भिंत. हवा जाते ती यांपैकी कोठून, हे ठरवल्याशिवाय हवा भरत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून दररोज ती ओतून येण्यासारखे आहे. मीही पहिल्या वेळी दोन महिने तेच केले. शेवटी टायर रिमवरून उतरवला तेव्हा आत काळ्या रबराचा भुगा सांडला, कारण कमी हवेवर धावून बाजूची भिंत आतून किसली गेली होती. खर्च मूळ दोषाचा फार नव्हता; भरपाई मात्र अख्ख्या टायरची द्यावी लागली.

पहिली तपासणी: हवा खरोखर जाते का?

ही तपासणी जवळपास फुकट आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. स्वतःचा एक दाबमापक घ्यावा. साधा काट्याचा किंवा अंकांचा, काहीशे रुपयांत मिळतो. पंपांवरील मापक एकमेकांशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे सोमवारी एका पंपावर ३३ आणि शनिवारी दुसऱ्या पंपावर ३० दिसले म्हणून तीन पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा गेली असा निष्कर्ष काढता येत नाही. मापक थोडा चुकीचा असला तरी चालतो, पण तो दर वेळी एकच असला पाहिजे.

मोजायचे ते टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर. सर्वांत सोयीची वेळ सकाळची, गाडी गेटबाहेर काढण्याआधीची. तापमान १० अंशांनी बदलले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने बदलतो. म्हणून ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चार पीएसआयने कमी दिसली, तर त्यात गळती नसून ऋतूचा फरक असू शकतो. अशा वेळी चारही चाके सारखीच उतरलेली दिसतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ‘सगळ्या चाकांची हवा जाते’ म्हणून जे फोन येतात, त्यांत मी कधीही जॅक बाहेर काढत नाही. उंचीचाही थोडा परिणाम होतो: कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंच आहे, आणि इथे हवा भरलेली गाडी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेली की, तापमान तेच असले तरी, मापकावर सुमारे एक पीएसआय कमी दिसतो. ती हवा गेलेली नसते, बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो.

किती हवा असावी याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, थोडा जास्त आकडा दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, त्या आकड्यापर्यंत हवा भरू नये. डोळ्यांवर तर मुळीच विसंबू नये, कारण रेडियल टायर योग्य दाबालाही खाली थोडा फुगीरच दिसतो आणि आठ-दहा पीएसआय गेल्याशिवाय फरक नजरेला कळत नाही.

आता चारही चाकांत सारखी हवा भरून सात-आठ दिवस, एक दिवसाआड, वहीत आकडे लिहावेत. ही वहीच पुढचा अर्धा शोध पूर्ण करते. महिन्याला एक-दोन पीएसआय सगळ्याच चाकांतून जाणे नैसर्गिक आहे, कारण रबरातून हवा हळूहळू झिरपते. एकाच चाकातून आठवड्याला दोन-चार पीएसआय जात असेल तर संशय आधी व्हॉल्व्हवर आणि नंतर रिमच्या सांध्यावर घ्यावा. दिवसाला दोन-तीनपासून पाच-सहापर्यंत जात असेल तर बहुधा खिळा, काटा किंवा वाकलेली रिम असते. मोठा खड्डा बसल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर तीही नोंद करावी. आणि काही तासांतच टायर जमिनीला टेकत असेल तर पुढचे काहीही न करता स्टेपनी लावून थेट दुकान गाठावे.

नायट्रोजन भरल्याने हा त्रास थांबेल असे सांगणारे भेटतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि फट असेल तर तिच्यातून तोही साध्या हवेसारखाच बाहेर पडतो.

दुसरी तपासणी: व्हॉल्व्ह

अर्धा लिटर पाण्यात भांडी घासण्याचे द्रव चमचाभर मिसळून फवारणीच्या बाटलीत भरावे. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर हे पाणी सोडावे आणि एक-दोन मिनिटे पाहत राहावे. जोरात गळणारी हवा लगेच फुगे काढते, पण आठवड्याला तीन पीएसआय सोडणारा व्हॉल्व्ह मिनिटाला एखादाच बारीक फुगा देतो. पंक्चरवाला बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवतो, ती पद्धत चुकीची नाही; फक्त तो दोन सेकंदांत बोट काढतो आणि संथ गळती त्याच्या हातून निसटते.

तोंडावर फुगा आला तर दोष आतल्या बारीक पिनेचा असतो. ती आट्यांनी बसवलेली असते आणि तिचा छोटा पाना बाजारात मिळतो. आधी ती हलकेच घट्ट करून पाहावी. पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नये, कारण तिचे रबरी बूड चेपले की गळती उलट वाढते. तरीही फुगा येत असेल तर पिन बदलावी. तिची किंमत इतकी किरकोळ असते की बहुतेक दुकानदार ती फुकटच बसवतात. मात्र पिन काढताना चाकातली सगळी हवा जोरात बाहेर पडते आणि पिनही सुटून उडू शकते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. गाडीचे वजन चाकावर असताना हवा पूर्ण गेली तर टायरची कड रिमवरून सरकण्याची शक्यता असते, आणि घरच्या छोट्या पंपाने ती पुन्हा बसत नाही. यासाठी चाक आधी जॅकवर घ्यावे. ते जमत नसेल तर हे काम दुकानातच करून घ्यावे.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. रिममधून बाहेर आलेले व्हॉल्व्हचे रबरी खोड वर्षानुवर्षे उन्हात तापून बुडाशी तडकते. चाक स्थिर असताना तड मिटलेली असते. चाक फिरू लागले की खोड बाहेर वाकते आणि तड उघडते. त्यामुळे उभ्या गाडीचे आकडे स्थिर राहतात आणि कोल्हापूरला जाऊन आले की दोन पीएसआय कमी होतात. साबणाचे पाणी बुडाशी सोडून खोड बोटाने चारही दिशांना हलकेच वाकवून पाहावे. फुगे आले किंवा बारीक चिरा दिसल्या तर व्हॉल्व्ह बदलणे एवढाच उपाय उरतो. माझ्या अनुभवात नवे टायर टाकूनही हवा उतरत राहण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे: टायरवर वीस-पंचवीस हजार खर्च करणारा माणूस चार रबरी व्हॉल्व्हचे काही रुपये वाचवतो आणि दुकानदारही आठवण करून देत नाही. टायर बदलताना व्हॉल्व्ह बदललाच पाहिजे, हे मी आता पैसे ठरवण्याआधी सांगून टाकतो.

व्हॉल्व्ह धातूचा असेल तर त्याच्या आतल्या टोकाला बहुधा दाबाचा सेन्सर असतो. तो स्वतः खोलू नये, आणि टायर उतरवण्याआधी दुकानदाराला आत सेन्सर असल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर टायर काढताना तो तुटतो. डॅशबोर्डावरचा दिवा गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर बहुतेक गाड्यांत तो हवेचा नव्हे तर यंत्रणेतील बिघाडाचा इशारा असतो. सेन्सरची बॅटरी संपलेली असू शकते. काही गाड्यांत सेन्सर नसतोच आणि चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधला जातो. तिथे हवा योग्य भरल्यानंतर रीसेटचे बटण दाबावे लागते. हवा न भरता ते दाबले तर गाडी कमी दाबालाच योग्य समजू लागते.

व्हॉल्व्हची टोपी बिनकामाची नाही. ती पिनेत धूळ आणि चिखल जाऊ देत नाही, आणि धूळच पिनेला पूर्ण मिटू देत नाही. टोपी हरवली असेल तर प्लास्टिकची लावावी. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर दुसऱ्या धातूची शोभेची टोपी ओलाव्याने जाम होते आणि काढताना व्हॉल्व्हच मोडतो.

तिसरी तपासणी: रस्त्याला टेकणारा भाग

व्हॉल्व्हची जागा समोर धरून टायरवर खडूची खूण करावी, दिसतो तेवढा भाग बारकाईने पाहावा, मग गाडी अर्धा वेढा पुढे घेऊन उरलेला भाग पाहावा. जमिनीला टेकलेला वीतभर भाग नेमका पाहायचा राहून जातो, आणि खिळा तिथेच असतो असा अनुभव आहे. संशयाच्या प्रत्येक जागी साबणाचे पाणी सोडावे. नक्षीच्या खाचेत अडकलेला प्रत्येक खडा दोषी नसतो.

आमच्या भागात दोन गोष्टी विशेष त्रास देतात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रीघ असते आणि बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे सैल होऊन रस्त्यावर पडतात. हा खिळा आखूड असतो. तो आत शिरून आपले भोक आपणच बरेचसे बुजवून टाकतो आणि दिवसाला दोन-तीन पीएसआय एवढीच हवा सोडतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. तो रबराच्या पृष्ठभागाशी मोडतो, त्यामुळे बाहेर काहीही दिसत नाही, आणि गळती एवढी मंद असते की दुकानाच्या घाईत ती कधीच सापडत नाही. शेताच्या बांधावरून गाडी नेली असेल तर काट्याचा संशय सोडू नये. चाक काढून पाण्यात बुडवल्याशिवाय त्याचा माग लागत नाही.

खिळा दिसला तरी तो घरी उपटू नये. जोवर तो आत आहे तोवर हवा सावकाश जाते, उपटला की मिनिटाभरात टायर बसतो.

दुरुस्ती कशी करावी याबद्दल माझे मत ठाम आहे. बाहेरून चिकट दोरी ठासणे, ज्याला आपल्याकडे स्ट्रिप मारणे म्हणतात, हा घरी किंवा दुकानापर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे. दोरी घालण्याआधी कानशीसारखा सुआ भोकात फिरवून ते मोठे केले जाते, त्यात टायरमधील पोलादी तारा दुखावू शकतात, आणि त्या तारांपर्यंत पावसाचे पाणी पोहोचले की गंज सुरू होतो. शिवाय भोकाची आतली बाजू दिसतच नाही, त्यामुळे टायर कमी हवेवर धावून आतून खराब झाला आहे की नाही हेही कळत नाही. टायर उतरवून, आतून घासून, दांडा असलेला मशरूम पॅच बसवणे ही खरी दुरुस्ती आहे. तिला वेळ आणि पैसे दोन-तीनपट लागतात, पण त्याच जागेतून पुन्हा हवा गेल्याचे मी पाहिलेले नाही. उलट जुन्या स्ट्रिपमधून वर्षभराने हवा झिरपू लागल्याचे अनेकदा पाहिले आहे, म्हणून वारंवार हवा उतरणाऱ्या टायरवर आधीच्या स्ट्रिपच्या जागा सर्वांत आधी ओल्या कराव्यात.

ही दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच चालते. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते त्या वळणावर, आणि बाजूच्या भिंतीवर ती चालत नाही. तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो, त्यामुळे तिथला पॅच टिकत नाही. ‘साहेब, करून देतो, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी.

टायर हातात असतानाच दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. नक्षीच्या खाचांमध्ये अधूनमधून आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली आहे असे समजावे. मोटार वाहन नियमांतली कारसाठीची किमान मर्यादाही हीच आहे, आणि कोकणातल्या पावसात त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलणे शहाणपणाचे. दुसरे म्हणजे भिंतीवरच्या लांब क्रमांकाचे शेवटचे चार अंक: २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. सात-आठ वर्षांच्या, बारीक चिरा पडलेल्या टायरची गळती शोधण्यात पैसे घालवू नयेत.

चौथी तपासणी: रिमचा सांधा

इथून पुढे चाक काढावे लागते. गाडी सपाट, कडक जागेवर उभी करावी, हँडब्रेक लावून पहिला गिअर टाकावा, आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा सैल करावेत. गाडी उचलल्यानंतर जोर लावला तर ती जॅकवरून घसरू शकते. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा आणि उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने घट्ट करावेत, गाडी खाली घेऊन पूर्ण आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासावेत. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची सवय असेल तर ती सोडावी, त्याने बोल्टचे आटे ताणले जातात.

चाक आडवे ठेवून टायर आणि रिम जिथे भेटतात त्या संपूर्ण कडेवर साबणाचे पाणी ओतावे, पाच मिनिटे थांबावे, मग उलटून दुसरी बाजू पाहावी. गाडीच्या आतल्या बाजूची कड चाक न काढता दिसतच नाही, आणि दोष अनेकदा तिथेच असतो. घरात मोठी टाकी असेल तर चाक उभे करून थोडे थोडे बुडवत फिरवणे सर्वांत खात्रीचे. पंक्चरवाल्याच्या हौदात हेच केले जाते, फक्त त्याला घाई न करता पूर्ण वेढा फिरवायला सांगावे लागते.

सांध्यातून फेसाची बारीक रेघ दिसली तर कारण बहुधा गंज असते. गुहागरच्या मेहुण्यांच्या गाडीला तीन वर्षांत दोन वेळा हाच त्रास झाला. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि टायर बदलताना टॉमीने (टायर उचकटण्याच्या लोखंडी पट्टीने) खरवडलेला रिमचा रंग एवढे एकत्र आले की पोलादी रिमच्या कडेवर पापुद्रे सुटतात, आणि टायरची कड त्यांवर नीट बसत नाही. अलॉय रिमही यातून सुटत नाही; तिच्यावर तांबूस गंजाऐवजी पांढरी, खरखरीत पूड धरते. पहिल्या वेळी दुकानदाराने नुसता काळा सीलर (फट बुजवणारा लेप) लावून चाक दिले आणि सहा महिन्यांत गळती परत आली. दुसऱ्या वेळी मी समोर उभा राहिलो: टायर पूर्ण उतरवून कड तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने नख अडकणार नाही इतकी गुळगुळीत केली, उघड्या पडलेल्या धातूवर रंगाचा पातळ हात दिला, तो पूर्ण वाळू दिला, टायरची कडही पुसून घेतली आणि मगच सीलर लावला. त्यानंतर त्या चाकाचे नाव निघालेले नाही. हे काम हाताने टॉमी मारून टायर काढणाऱ्याकडे न देता मशीन असलेल्या दुकानात द्यावे, कारण टॉमीने टायरची कडच फाटली तर गळती कायमची होते. काम झाल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावे.

टायरमध्ये ओतायचे द्रव सीलंट मी वापरत नाही. ते छोट्या भोकाला काही काळ बुजवते, पण रिमच्या सांध्यातल्या गंजावर त्याचा भरवसा नाही, चाकाचा तोल बिघडवते, काही सेन्सरना ते बाधते, आणि नंतर टायर उघडणाऱ्याला आधी तो चिखल धुवावा लागतो. २०२० साली नियमांत झालेल्या बदलानंतर दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या वाहनांना स्टेपनीशिवाय विकण्याची मुभा मिळाली आहे. तुमच्या गाडीत स्टेपनी नसेल तर हा संच अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा, रोजच्या गळतीवर खर्च करू नये.

पाचवी पायरी: रिम

सांधा स्वच्छ आहे, व्हॉल्व्ह नवा आहे, खिळा नाही, आणि तरीही हवा जाते. तर रिम पाहावी. चाक जॅकवर असताना हाताने फिरवून रिमच्या कडेजवळ एक स्थिर काडी धरावी. अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. रस्त्यावर याचे लक्षण म्हणजे ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरणे. पोलादी रिमचा किरकोळ बाक जाणकार दुकानात सरळ होतो. अलॉयचा बाक काढून देणारेही आहेत, पण तड गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरणे मला मान्य नाही: उष्णतेने त्या धातूची ताकद बदलते आणि वरून काही कळत नाही. अशी रिम बदलावी.

इथे थांबावे

काही गोष्टी दिसल्या की घरचा शोध तिथेच संपवावा. टायरच्या भिंतीवर रबराचा फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत आणि तो टायर कधीही फुटू शकतो. त्याला हवा भरून पाहण्याचाही प्रयोग करू नये. भिंतीवर तारा किंवा कापड दिसेल इतका काप, रिमवर तड, टायर पूर्ण बसलेल्या अवस्थेत काही अंतर धावलेला असणे, आतून रबराचा भुगा निघणे, नट बसवण्याच्या बोल्टचे आटे गेलेले असणे, यांपैकी काहीही असले तर स्टेपनी लावून किंवा गाडी ओढून दुकानात न्यावी. एकाच टायरवर तिसरी दुरुस्ती करण्याची वेळ आली तरी जाणकाराला आतून टायर दाखवूनच निर्णय घ्यावा. एका बाजूनेच टायर झिजत असेल तर तो हवेचा दोष नाही, अलाइनमेंटचा किंवा सस्पेन्शनचा आहे आणि त्यासाठी मशीन लागते.

दोष सापडेपर्यंत गाडी कशी चालवावी

दररोज सकाळी दाब पाहून, गरजेइतकी हवा भरूनच निघावे. ‘दोन दिवस पुरेल’ म्हणून आठ-दहा पीएसआय जास्त भरण्याची युक्ती करू नये. जास्त फुगलेल्या टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी घसरते. शहरातल्या वेगाच्या पुढे जाऊ नये आणि गाडीत पूर्ण माणसे व सामान भरू नये. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, आणि तापलेल्या रबराचे थर सुटू लागतात. वेग आणि वजन या दोन्हींनी ही उष्णता वाढते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आठवड्याला चार पीएसआय सोडणारे चाक घेऊन एप्रिल-मेच्या दुपारी त्या सिमेंटच्या रस्त्यावर जाणे हा धोका कोणीही पत्करू नये.

चालत्या गाडीत टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच हलक्या ब्रेकने डाव्या कडेला घ्यावी. आतली माणसे रस्त्याच्या कठड्याबाहेर उभी करावीत, इशाऱ्याचा त्रिकोण मागे लांब ठेवावा. द्रुतगती मार्गाच्या कडेला वाहनांकडच्या बाजूचे चाक बदलण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा मदतीसाठी फोन करावा.

आणि स्टेपनी. आंबा घाटात एकदा मोठ्या ऐटीत चाक उतरवले आणि डिकीतून काढलेली स्टेपनी हाताने दाबली गेली; दोन वर्षे तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. तेव्हापासून वहीत पाचवा रकाना आहे. स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेला दाब आणि वेगाची मर्यादा पाळावी.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर चारही चाकांत सकाळी, थंड अवस्थेत, एकाच मापकाने सारखी हवा भरावी आणि पंधरा दिवस पूर्वीसारखेच एक दिवसाआड आकडे लिहावेत. दुरुस्त चाक आणि शेजारचे चाक यांच्यातला फरक एक पीएसआयच्या आत राहिला तर दोष गेला असे मानावे. तो दोनच्या पुढे गेला, तर पुन्हा पहिल्यापासून, व्हॉल्व्हच्या पिनेपासून सुरुवात करावी. एकाच चाकात पिन आणि गंज असे दोन दोष एकत्र निघाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.